चालानाच्या पाठीवर सांबारवडी

एकसष्टाव्या वर्षी मी फार हुशार होते. आता सत्तरीला टेकले आहे आणि ती हुशारी कुठं गेली ते सापडत नाही. गेली ते बरंच झालं, फार महागात पडत होती.

त्या एकसष्ट वर्षांच्या पोरीला दोन नातवंडं होती आणि जिना चढताना तिचे गुडघे वाजायचे. जबलपुरातल्या आमच्या मराठी महिला मंडळाची ती खजिनदार होती. भिशीचे पैसे कुणाचे दोन दिवस उशिरा आले, तर ही बाई पुढच्या बैठकीत उभी राहून, चष्मा नाकावर सरकवून, वहीतून नाव वाचायची. ‘अमक्या अमक्या, एक महिना बाकी.’ वाचून झालं की खाली बसून शांतपणे चहा प्यायची. हिशेब म्हणजे स्वच्छता, असा तिचा समज होता. झाडून काढलं, रकाने आखले, की पैसा आपोआप आपल्या जागी येऊन बसतो.

तर गावाबाहेर रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लहानसा कारखाना आहे. सासरे वर्ध्याकडून इथल्या फॅक्टरीत नोकरीला आले, आमचे हेही त्याच फॅक्टरीत लागले, आणि चाळिशीत यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, नोकरी सोडून खोकी करायला लागले. कागदाची रिळं उधारीवर घ्यायची, खोकी करून उधारीवर द्यायची, आणि मधल्या मधे आपला जीव टांगून ठेवायचा, असा तो धंदा. मी त्यात कधी डोकं घातलं नव्हतं. संध्याकाळी हे घरी आले की बुटांवरचा पुठ्ठ्याचा भुसा मी झाडायची. तेवढाच माझा आणि कारखान्याचा संबंध.

त्या वर्षी डिसेंबरात यांच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं, बायपास झाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, दोन महिने धंद्यातलं एक अक्षर यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. खोकी करायचं काम जुना मिस्त्री बघत होता. पैशाचं बघायला राहिले मी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यांनी मला पलंगाजवळ बसवून सांगितलं होतं, “हे बघ, कागदवाल्या शेठला दहा फेब्रुवारीचा चेक देऊन ठेवला आहे. दोन लाख ऐंशी हजाराचा. मटरवाल्यांकडून आपले तीन लाख दहा यायचे आहेत. ते आले की चेक निघतो. एवढंच बघ.”

“आणि नाही आले तर?”

“काहून नाही येणार? आपला चेक आजवर कधी परत गेला नाही.” हे त्यांनी अशा तोऱ्यात सांगितलं की शेजारच्या पलंगावरच्या माणसानंही मान हलवली.

मटरवाले म्हणजे पनागरच्या रस्त्यावरचा कारखाना. हिवाळ्यात तिकडे शेतांतून मटर येतो. तो सोलून, गोठवून, पिशव्या भरून बाहेरगावी पाठवतात, आणि त्या पिशव्या आमच्या खोक्यांत बसतात. बँकेत आमचे तेव्हा साडेचाळीस हजार होते. चेक परत गेला तर शेठ कागद बंद करणार, कागद बंद झाला तर हंगामात मशीन थांबणार, आणि ती बातमी रिछाईहून आमच्या घरी पोचायला पाऊण तास पुष्कळ झाला. मग यांच्या टाके घातलेल्या छातीचं काय व्हायचं, याचा विचार मी रोज नव्यानं करायची. सकाळी दात घासताना सुरू व्हायचा तो.

पण आधी मी साफसफाई केली. कारखान्याच्या ऑफिसात भिंतीला एक तार होती, तिच्यात न मिळालेल्या पैशांची बिलं भाजलेल्या पापडांसारखी खोचलेली. मला शिसारीच आली. नवं रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले: कोण, किती, कधीपासून, काय म्हणतात. टेबलाखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात गुलाबी कागदांची थप्पी. एका बाजूला कार्बनचं फिकट लिहिलेलं, दुसरी बाजू कोरी.

पाठकोरे! माझं मन भरून आलं. आमच्या घरात पाठकोरा कागद टाकणं म्हणजे ताटात भात टाकून उठणं. माझ्या वडलांनी आम्हां भावंडांचं सगळं गणित पाठकोऱ्यांवर करून घेतलं. मी ती थप्पी पिशवीत घातली आणि घरी आणली. वर मिस्त्रीला ऐकवलं, “इतना अच्छा कागज़ डब्बे में सड़ रहा था.” तो काहीतरी बोलणार होता. मी बोलू दिलं नाही.

ते काय होतं, हे आज मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माल गेला की सोबत तीन रंगांचं चालान जातं. पांढरं माल घेणाऱ्याकडे राहतं, पिवळं आपल्या पुस्तकात, आणि गुलाबी तिकडच्या गेटवर शिक्का आणि सही होऊन परत येतं. गुलाबी म्हणजे माल पोचल्याचा पुरावा. ते जोडल्याशिवाय बिल पास होत नाही. डब्यातली बहुतेक गुलाबी जुनी, पैसे येऊन गेलेली होती. एकच जिवंत होतं: डिसेंबरातल्या बारा हजार खोक्यांचं, मटरवाल्यांचं. हे आजारी पडले नसते तर त्यांनीच नेऊन दिलं असतं.

मी त्याचे कात्रीनं दोन तुकडे केले.

काहून केले, तर संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बावीस जणींना बोलावलं होतं. थंडीत इकडे सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, ढिगानं मिळते, म्हणून मी सांबारवड्या केल्या. माझ्या सांबारवडीची कृती सगळ्या मागतात, हे मला माहीत होतं. म्हणून त्या बाईनं काय करावं? कुणी मागायच्या आधीच कृती लिहून ठेवली! गुलाबी पाठकोऱ्यांचे अर्धे अर्धे तुकडे, त्यावर सुवाच्य अक्षरात बेसन किती, खसखस किती, खोबरं किती भाजायचं. वाण म्हणून पिठाच्या चाळण्या आणल्या होत्या, प्रत्येक चाळणीत एकेक चिठ्ठी ठेवली. उरलेल्या तुकड्यांची वही शिवून फोनशेजारी टांगली. काटकसर आणि मिरवणं एकाच दिवशी झालं म्हणून मी फार खूष होते.

किरकोळ बाकीवाल्यांच्या ऑफिसांत माझ्या चकरा चालू होत्या, पण मटरवाल्यांकडे पैसे मागायचं काम राहिलंच होतं. जानेवारीच्या शेवटी एकदा मटरवाल्यांच्या ऑफिसात गेले होते. अकाउंटचं बघणारा एक चाळिशीचा भैया, गळ्यात मफलर, खुर्ची पुढे करून म्हणाला, “बैठिए माताजी.” आणि पैसे हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मंडळात भिशीचे दोनशे रुपये मी कुणाच्याही घशात हात घालून काढले असते, पण इथं तीन लाख म्हणताना मला लाज वाटली, जणू मीच उधार मागायला आले आहे. मी थंडीबद्दल बोलले. मटराच्या भावाबद्दल बोलले. त्याच्या मफलरचं विणकाम कसं, याबद्दल बोलले. वीस मिनिटांनी चहा पिऊन परत आले आणि रजिस्टरात ‘काय म्हणतात’च्या रकान्यात लिहिलं: ‘वागणूक चांगली.’

त्यानंतर मोबाइल वाजला की हातातलं काम टाकायची. बँकेचा मेसेज असेल म्हणून धावायची, तर कुणीतरी कर्ज घ्या म्हणून मागे लागलेलं. आरशासमोर उभी राहून सराव करायची: “भैया, हमारा पेमेंट?” नको, फार उद्धट. “भैया, वो हमारा...” नको, फार लाचार. पलीकडच्या खोलीतून हे विचारायचे, “कोणाशी बोलून राहिली?”

“देवाशी.”

“मटरवाल्यांचे आले का?”

“येऊन राहिले.”

चार फेब्रुवारीला, मंगळवारी, चेकच्या सहा दिवस आधी, मी पुन्हा गेले आणि खुर्चीवर बसायच्या आतच एका दमात म्हणाले, “भैया, हमारे तीन लाख दस हज़ार दे दीजिए.” एवढ्या जोरात, की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकला.

“मैं तो खुद आपकी राह देख रहा था,” मफलरवाला म्हणाला. “बिल तो कब से तैयार है. गुलाबी कॉपी दीजिए, कल ही निकल जाएगा.”

“कौन सी गुलाबी?”

त्यानं फायलीतून दुसऱ्या कुणाचीतरी काढून दाखवली. खाली जांभळा शिक्का, सही. मागून कोरी. मला तो कागद ओळखीचा वाटला. मग फार ओळखीचा वाटला. मी म्हणाले, “आपके रजिस्टर में तो होगा, माल आया है.”

“है न. पर ऑडिटवाले हमें टाँग देंगे माताजी. गुलाबी लगेगी.”

घरी येऊन चपलाही न काढता फोनशेजारची वही उसवली. सातव्या पानाच्या मागं दुधाचा हिशेब होता, आणि पुढून चालानाचा नंबर, तारीख, ‘बारा हजार नग’. वरचा अर्धा भाग घरातच होता. शिक्का आणि सही असते खाली. ती कुणाच्या तरी चाळणीत गेली होती.

सहा दिवस, बावीस घरं.

मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकून ‘चिठ्ठी उलटी करून फोटो पाठवा’ म्हणता आलं असतं. पण मग काहून, ते सांगावं लागलं असतं. खजिनदारबाईंनी नवऱ्याची तीन लाखांची पावती वाणात वाटली! त्यापेक्षा चेक परत गेलेला परवडेल, असं त्या बाईला एक क्षण खरोखर वाटलं. म्हणून तिनं एक युक्ती काढली, आणि ती इतकी मूर्खपणाची होती की मला अजून तिचा अभिमान वाटतो. घरोघर जायचं आणि सांगायचं, कृतीत मीठ चुकीचं लिहिलं गेलं आहे, चिठ्ठी आणा, मी हातानं दुरुस्त करते.

पहिल्याच घरी ती बाई म्हणाली, “तरीच! तरीच माझ्या वड्या तळताना फुटल्या. मी म्हणून राहिली, आपलंच काही चुकलं.” मिठानं वडी फुटत नाही, सारण ओलं राहिलं की फुटते. पण मी काय बोलणार? मान खाली घालून चमच्याचा आकडा बदलला, हळूच चिठ्ठी उलटली. शिक्का नाही.

दुसरीकडे चिठ्ठीवर तूप सांडलं होतं. तिसरीकडे सासू म्हणाली, “मला तेव्हाच खारट लागल्या होत्या, पण म्हटलं, कशाला बोला.” चौथीनं चिठ्ठी पुण्याला बहिणीकडे पाठवून दिली होती. ते ऐकून मी तिथंच खाली बसले, पाणी मागितलं. मग तिची सून आतून ओरडली, “मम्मी, वो तो फोटो भेजी थी, पर्ची यहीं फ्रिज पे है!” मी उठले. शिक्का होता, पण दोन वर्षांपूर्वीचा.

बुधवार गेला, गुरुवार गेला. रोज दुपारी यांना औषध देऊन, शेजारणीला बसवून मी निघायची. ऑटोवाल्याला तर वाटलं असेल, ही म्हातारी मतं मागत फिरते. संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावताना मोजायची: पंधरा घरं झाली, सात राहिली, चार दिवस राहिले, त्यात रविवार. दोन जणींनी चिठ्ठी टाकून दिली होती. ती आपली असेल का? असेल. नसेल. रात्री भाताचं ताट तसंच सरकवायची. हे विचारायचे, “वाळून काहून चालली?” मी म्हणायची, उपास आहे. “कोणाचा?” “माझाच.”

तोवर सगळ्या मराठी जबलपुरात पसरलं होतं की माझ्या सांबारवडीत मीठ जास्त असतं. तीस वर्षांची कमाई तीन दिवसांत गेली.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकच घर उरलं. मुद्दाम शेवटी ठेवलेलं. रेल्वेवाल्या वहिनींचं. त्यांचे यजमान रेल्वेत होते म्हणून आम्ही तसं म्हणायचो. त्याच्या दोन वर्षं आधी मी मंडळात उभी राहून त्यांचं नाव वाचलं होतं, ‘एक महिना बाकी’. नंतर कळलं की त्या महिन्यात मुलाची कॉलेजची फी भरायची होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाकिटात घालून पैसे पाठवले होते, आणि तेव्हापासून माझ्याशी अतिशय गोड बोलायच्या. ते गोड बोलणं मला टोचायचं.

दार उघडून त्या म्हणाल्या, “या, या. खजिनदारबाई आमच्याकडे? माझं काही राहिलं तर नाही ना?”

“नाही हो वहिनी. ते सांबारवडीचं मीठ...”

“मीठ बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मी दोनदा केल्या. अर्धा चमचा पुरतो.” आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्याच्या वर खिळ्याला माझी चिठ्ठी टांगलेली. प्लास्टिकमध्ये! बाईनं लॅमिनेट करून आणली होती. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून, लाल दोरा ओवून.

“ओल्या हातांनी खराब होते ना,” त्या म्हणाल्या. “सुनेसाठी ठेवली.”

मी ती उलटी केली. प्लास्टिकच्या आत, अगदी आज मारल्यासारखा, जांभळा शिक्का. सही. तारीख डिसेंबरातली. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मला रडू फुटलं. मग काय, सगळं सांगितलं. चेक, शेठ, यांची छाती, पाठकोरे, मीठ. नाक पुसत पुसत.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमचे तीन लाख पंधरा दिवस माझ्या ओट्यावर लटकून राहिले, आणि मी त्याच्याखाली पोळ्या करून राहिली?” आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. रडता रडता हसणं किती कुरूप दिसतं, ते त्यांच्या फ्रिजच्या चकचकीत दारात मला दिसत होतं.

चिठ्ठी काढून हातात देताना त्यांनी ती क्षणभर सोडली नाही. “घेऊन जा. पण परत आणून द्या हं. उधार देऊन राहिले.” आणि मग, “नाही दिली तरी मी काही उभी राहून वाचणार नाही.”

खरंच सांगते, तेवढं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. आणि बोलायलाच हवं होतं.

शनिवारी सकाळी दहाला मी मटरवाल्यांच्या ऑफिसात हजर. मफलरवाल्यासमोर दुधाच्या हिशेबाचा तुकडा ठेवला आणि त्याखाली लॅमिनेट केलेला, लाल दोऱ्यासकट. कापलेली कड कडेला जुळवून दाखवली. कात्री बोथट होती म्हणून कड नागमोडी, आणि नागमोडीला नागमोडी बरोबर बसत होती.

त्यानं शिक्का पाहिला. मग उलटी केली. त्याचे ओठ हलायला लागले. “बेसन... दो वाटी... माताजी, ये तो कुछ खाने का है.”

“हाँ. पीछे खाने का है, आगे बारह हज़ार खोखे हैं.”

पलीकडचे दोघं उठून आले. एकानं विचारलं, खसखस डालते हैं क्या इसमें? मफलरवाला हसला नाही. त्याचाच मला धसका. “अंदर पूछ के आता हूँ,” म्हणून दोन्ही तुकडे घेऊन तो मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला आणि दार लागलं.

त्या दारावर एक कॅलेंडर होतं. मी दहा तारखेकडे बघत बसले. सोमवार. बाहेर ट्रॉलीतून मटर उतरवत होते, शेंगांचा हिरवा वास येत होता. नाही म्हणाले तर? दागिने काढायचे तर बँकेचं लॉकर आज अर्धा दिवस. मुलाला फोन केला तर तो तडक यांनाच विचारेल. पंचवीस मिनिटं गेली. त्या पंचवीस मिनिटांत मी मंडळातली सगळी नावं आठवली, जी मी उभी राहून वाचली होती. त्या बायका कॅलेंडरकडे अशाच बघत बसल्या असतील का, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

तो बाहेर आला. “हो गया. साहब बोले, ऐसा केस पहली बार देखा. दोनों टुकड़े फाइल में रहेंगे.”

“वो प्लास्टिकवाला मुझे वापस करना है...”

“ओरिजिनल है माताजी. नहीं मिलेगा. पेमेंट बुधवार को आ जाएगा.”

“बुधवार? भैया, सोमवार को हमारा चेक है.”

“हमारा पेमेंट बुधवार को ही जाता है. दो दिन की तो बात है.”

दो दिन. महिनाभर मी हेच ऐकत होते, निरनिराळ्या ऑफिसांत: दो दिन रुक जाइए, दो दिन बाद आइए. रजिस्टरातला चौथा रकाना त्यानंच भरला होता. त्या माणसांबद्दल मी घरी काय काय बोलले होते ते इथं लिहीत नाही.

पनागरहून परत येताना ऑटोवाल्याला म्हटलं, घरी नको, गोहलपुरला घे. कागदवाल्या शेठचं दुकान तिथल्या गल्लीत. रस्ताभर वाक्य जुळवत होते. यांची इज्जत, वीस वर्षांचा संबंध, आजारपण. आपला चेक आजवर कधी परत गेला नाही, यानं सुरुवात करायची असं ठरवलं. ऑटोतून उतरताना तेही विसरले.

शेठ गादीवर बसून चष्मा पुसत होते. यांच्याच वयाचे. मला बघून उठलेच. “अरे बहनजी! भाई साहब ठीक हैं?”

“ठीक हैं,” मी म्हटलं. आणि मग, खाली बघून, “वो सोमवार का चेक... दो दिन रुक जाते तो...”

शेठनी पुसलेला चष्मा नाकावर चढवला. मला वाटलं, आता हे वही काढणार आणि मोठ्यानं वाचणार.

“दो दिन?” ते म्हणाले. “बस?”

त्यांनी गल्ला उघडला. सगळ्यात वर आमचा चेक, रबर लावलेला. “बहनजी, भाई साहब का चेक मैं कभी तारीख पे डालता ही नहीं. हर बार उनका फोन आता है, शेठ, आठ दिन रुको. कभी दस दिन. मैं फोन का इंतज़ार कर रहा था. फिर सोचा, बीमारी का घर है, आपको क्या परेशान करें. ऐसे ही रखा रहने दिया.”

“हर बार?”

“बीस साल से. आदमी पक्के हैं, बता के रोकते हैं.” मग आत बघून ओरडले, “अरे, बहनजी के लिए चाय!”

मी तो चहा प्यायले. चांगला होता, आल्याचा. पण निम्मा कप होईपर्यंत मी ती वीस वर्षं मोजत होते, आणि उरलेल्या निम्म्यात यांचा राग यायला लागला.

तरी बुधवारपर्यंतचे चार दिवस काही सुखाचे गेले नाहीत. साहेबाचं मन बदललं तर? फाईल ओली झाली तर? सांबारवडी वाचून ऑडिटवाल्यांनी आक्षेप घेतला तर? बुधवारी सकाळपासून मोबाइल मी कमरेला खोचून फिरत होते. साडेतीनला वाजला. तीन लाख आठ हजार काही. दोन हजारांना थोडे कमी कापले होते, दबलेल्या खोक्यांचे म्हणून. मी आकडे दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले, मग शेठना फोन केला की चेक टाका.

रेल्वेवाल्या वहिनींची चिठ्ठी मात्र परत मिळाली नाही. मी त्यांना नवी लिहून दिली, चांगल्या दोन्ही बाजू कोऱ्या कागदावर, लॅमिनेटसुद्धा करून. त्यांनी ती बघितली आणि म्हणाल्या, “ही माझी नाही. माझ्यावर शिक्का होता.” दर संक्रांतीला हळदीकुंकू लावताना माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणतात, बाकी आहे हं. मंडळात नावं वाचणं मी त्याच महिन्यात बंद केलं. वहीत खूण करते आणि फोन करते. तोही आधी तब्येत विचारून.

शनिवारी दुपारी हे अंगणात उन्हाला बसून मटर सोलत होते. डॉक्टरांनी तेवढं काम दिलं होतं. मी शेजारी जाऊन बसले.

“शेठचा चेक निघाला?”

“निघाला.”

“पाह्यलं?” ते म्हणाले. “म्हटलं नव्हतं तुला? आपला चेक आजवर कधी परत गेला नाही.”

“हो ना,” मी म्हटलं. “फोन मात्र फार होतात म्हणे.”

त्यांच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेंग पुरती उघडली, दाणे वाटीत टाकले, साल टोपलीत टाकलं, आणखी एक घेतली.

“किती दिवस मागितले?” त्यांनी विचारलं.

“दोन.”

“दोनच?” ते म्हणाले, आणि वाटी माझ्याकडे सरकवली. “शिकशील.”